अंतेवासिनी : एका शब्दाचे दोन अर्थ

नव्या वर्षाच्या प्रवेशासाठी पालक शाळेत येतात तेव्हा त्यांच्यापैकी काहीजण हमखास विचारतात, “आपली शाळा कॉन्व्हेंटसारखी आहे ना?” या प्रश्नामागील अपेक्षा आम्हांला कळते. मुलांना इंग्रजी यावे, गणवेश नीटनेटका असावा, वेळेची शिस्त असावी, एवढेच त्यांच्या मनात असते. पालघर आणि बोईसर परिसरात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाला हाच अर्थ चिकटला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘एकत्र येणे’, ‘एकत्र जमलेला समुदाय’ असा आहे. पुढे तो ख्रिस्ती जोगिणींच्या निवासाला लागू झाला, त्यांनी चालविलेल्या शाळांना चिकटला आणि आपल्याकडे येईपर्यंत निवासही गेला, समुदायही गेला. उरली ती केवळ इंग्रजी शाळा.

शब्दांचे असे होतच असते. त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु मुलामुलींनी घरापासून दूर, गुरुजनांच्या सान्निध्यात, एकमेकांच्या सोबतीने राहून शिकावे, या जीवनाला आपल्या परंपरेत स्वतःचा शब्द आहे की नाही, असा प्रश्न आम्हांला या निमित्ताने पडला. असा शब्द आहे. तो आपल्या कोकणातील लेण्यांच्या भिंतींवर सुमारे अठराशे वर्षांपासून कोरलेला आहे, आणि विशेष म्हणजे तो तेथे स्त्रियांसाठी कोरलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘अंतेवासिनी’. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे त्याची ओळख मांडावी, हा या लेखाचा हेतू आहे. या शब्दाला दोन अर्थ आहेत. त्यांपैकी दुसरा अर्थ आपल्या समाजाला सुखाचा नाही. पण तो वगळून पहिल्या अर्थाचे मोल समजणार नाही.

लेण्यांतील नावे

पालघरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने सफाळे, वैतरणा मागे टाकून विरार ओलांडले की नालासोपारा लागते. हेच प्राचीन शूर्पारक. येथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच गावात सापडला. तेथून पुढे बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानात शिरले की कान्हेरीचा डोंगर येतो. लेखांत त्याचे नाव ‘कण्हसेल’, म्हणजे काळा पहाड, असे येते. शंभराहून अधिक लेणी असलेल्या या डोंगरावर सोपारा, कल्याण, चेऊल येथील दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. व्यापारी आहेत, सोनार आहेत, गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने प्रव्रजित स्त्रियाही आहेत.

त्यांपैकी एकीचे नाव सापा. ती धेनुकाकट या गावची, कुलपिय धमणक नावाच्या उपासकाची मुलगी. तिने आपली बहीण रतिनिका आणि इतर आप्तांसह एक लेणे आणि पाण्याची पोढी भिक्खुसंघाला दान दिली. लेखात तिची ओळख आधी पित्याच्या नावाने येते, आणि तिच्याबरोबर दुसरी ओळखही येते : ती थेर बोधिक यांची ‘अतेवासिनि’ आहे. प्राकृत लेखांत अनुस्वार पुष्कळदा गाळला जातो. म्हणून अतेवासिनि म्हणजेच अंतेवासिनी, सान्निध्यात राहून शिकणारी शिष्या.

रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीच्या बाजूला, कुडा येथे दुसरा लेणीसमूह आहे. तेथील एका लेखात पदुमनिका या प्रव्रजितेच्या लेण्याच्या आणि पोढीच्या दानाची नोंद आहे. तिची आई नागनिका हीसुद्धा प्रव्रजिता होती. पातिमित आणि अगिमित हे दोन थेर तिचे मामा. म्हणजे एकाच घरातील दोन पिढ्या संघात होत्या. या दानात पदुमनिकेने आपल्या दोन अंतेवासिनींना सहभागी करून घेतले आहे : बोधी आणि असाळ्हमिता. गुरूने आपल्या पुण्यकर्मात विद्यार्थिनींची नावे कोरून घेतली, म्हणूनच ती आज आपल्याला ठाऊक आहेत. कुड्यालाच सपिला नावाची आणखी एक प्रव्रजिता भेटते. ती थेर विजय यांची अंतेवासिनी होती.

या स्त्रिया राहत कोठे? भिक्खुनींच्या निवासाला पाली भाषेत ‘उपस्सय’ म्हणतात. जैन समाजातील ‘उपाश्रय’ हा त्याचाच सख्खा भाऊ; आपल्या परिसरातील जैन वस्तीत तो आजही नित्य वापरात आहे. जुन्नरच्या एका लेखात गावातील धर्मोत्तरीय भिक्खुनींच्या उपस्सयाचा उल्लेख येतो. ‘गावातील’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भिक्खुनींनी अरण्यात एकट्याने राहू नये, असा विनयाचा नियम होता. तो त्यांच्या सुरक्षिततेसाठी झाला. त्यामुळे भिक्खुनीचे शिक्षण वस्तीच्या सोबतीने, लोकांच्या नजरेसमोर होत असे. निवासी शिक्षणात मुलींच्या सुरक्षिततेचा विचार हा आजचा नाही, हे यावरून दिसते.

शब्दाची घडण

आता शब्दाकडे वळू. ‘अंतेवासिनी’ हे ‘अंतेवासी’चे स्त्रीलिंगी रूप. ‘अंते’ आणि ‘वासी’ अशी त्याची फोड होते. ‘अंते’ हे ‘अंत’ या शब्दाचे सप्तमीचे रूप आहे. समास झाला की पहिल्या पदाची विभक्ती सामान्यतः गळून पडते. येथे ती टिकून राहिली आहे. शाळेत आपण अलुक् तत्पुरुष शिकतो, त्यातलाच हा प्रकार. युधिष्ठिर, पंकेरुह, अग्रेसर ही त्याची नेहमीची उदाहरणे, आणि मराठीतील ‘पाठीराखा’ हे सर्वांत आपुलकीचे.

अंतेवासी म्हणजे ‘आत राहणारा’ असा सोपा अर्थ कधीकधी सांगितला जातो. तो बरोबर नाही. आत या अर्थाचा संस्कृत शब्द ‘अन्तर्’ आहे. अंतःकरण, अंतर्गत यांत तो येतो. येथे शब्द आहे ‘अन्त’. त्याचा आपल्या ओळखीचा अर्थ शेवट. परंतु मूळ भाव कड, काठ, सीमा असा आहे. वस्त्राचा काठ तो वस्त्रान्त, रानाची कड तो वनान्त. आणि एखाद्या गोष्टीच्या काठाशी असणे म्हणजे तिच्या निकट असणे. म्हणून ‘अन्त’ शब्दाला सान्निध्य हाही अर्थ आला. ‘अन्तिक’ म्हणजे जवळचा, हा त्यातूनच निघालेला शब्द. तेव्हा अंतेवासी म्हणजे आचार्यांच्या काठाला, त्यांच्या निकट राहणारा. तैत्तिरीय उपनिषदातही शिष्याला हाच शब्द आहे. पाली भाषेत त्याची ‘अंतेवासी’ आणि ‘अंतेवासिक’ अशी रूपे आहेत, आणि कारागिराकडे राहून कसब शिकणाऱ्या उमेदवारालाही ती लागतात.

दुसरा अर्थ

अमरकोश हा संस्कृतचा सर्वांत लोकप्रिय शब्दकोश. त्याचा कर्ता अमरसिंह सर्वसाधारणपणे गुप्तकाळातील, आणि परंपरेने बौद्ध मानला जातो. या कोशाच्या ब्रह्मवर्गात शिष्याचे पर्याय देताना ‘छात्र’ आणि ‘अन्तेवासी’ असे दोन शब्द दिले आहेत. पुढे त्याच कोशाचा शूद्रवर्ग उघडावा. तेथे चांडाळाच्या पर्यायांची यादी आहे : प्लव, मातंग, दिवाकीर्ति, जनंगम, निषाद, श्वपच, पुक्कस, आणि त्यांच्याच ओळीत पुन्हा ‘अन्तेवासी’.

शब्द तोच, घडण तीच, सप्तमीसुद्धा तीच. एका ठिकाणी त्याचा अर्थ गुरूजवळ राहणारा विद्यार्थी, आणि दुसऱ्या ठिकाणी गावाच्या कडेला राहायला लावलेला माणूस. फरक एवढाच की काठ कशाचा, हे कोशकाराने सांगितलेले नाही. समाजाने ते ठरविले. चांडाळ आणि श्वपच यांची वस्ती गावाबाहेर असावी, हा मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील दंडक आहे. त्या दंडकाने माणसाला काठावर नेऊन ठेवले, आणि भाषेने त्याला काठाचेच नाव दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या ‘अंत’ शब्दाचा विचार फार बारकाईने केला होता. मराठीत ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या नावाने परिचित असलेल्या त्यांच्या १९४८ सालच्या ग्रंथात अंत्य, अंत्यज, अंत्यवासी या शब्दांची चिकित्सा आहे. अंत्यज म्हणजे सृष्टीच्या उत्पत्तीत शेवटी जन्मलेला, असा अर्थ लावला जात असे. बाबासाहेबांनी तो नाकारला. येथील अंत हा सृष्टीचा नसून गावाचा आहे. गावाच्या सीमेवर राहणाऱ्यांना हे नाव पडले, असे त्यांनी मांडले. वरवर ही व्याकरणाची चर्चा वाटेल. पण तिचा परिणाम मोठा आहे. उत्पत्तीतच शेवटचा म्हटले की ते कोणाला बदलता येत नाही. गावाच्या कडेला म्हटले की तो राहण्याच्या जागेचा प्रश्न होतो, आणि जागा माणसाने ठरविलेली असते. म्हणून ती माणसाला बदलता येते.

हा अर्थ केवळ ग्रंथांतला नाही, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांचे घर गावाच्या काठावरच होते. आपल्या जिल्ह्यातील पाडेही मुख्य गावापासून तुटलेले, रस्ता संपल्यावर सुरू होणारे. कोणी शाप म्हणून काठावर गेले, कोणी रानाच्या ओढीने तेथे राहिले; पण शाळा, दवाखाना आणि नळ काठापर्यंत उशिराच पोहोचतात, हा अनुभव दोघांचा सारखाच आहे.

एका अर्थातून दुसऱ्या अर्थाकडे

तथागतांच्या संघाने नेमके काय केले, हे या एका शब्दाच्या साहाय्याने नीट सांगता येते. पहिल्या अर्थाच्या दारात दुसऱ्या अर्थाचा माणूस उभा राहिला, तेव्हा संघाने त्याला आत घेतले.

थेरगाथेत सुनीत थेरांची कथा त्यांच्याच तोंडून आली आहे. ते हीन मानलेल्या कुळात जन्मले, वाळलेली फुले झाडून काढण्याचे काम करीत, लोकांपुढे मान खाली घालून वावरत. तथागतांची वाटेत भेट झाली आणि सुनीतांनी प्रव्रज्या मागितली. ती त्याच ठिकाणी मिळाली. दिव्यावदानातील प्रकृती तर प्रत्यक्ष चांडाळ कन्या. ती विहिरीवर पाणी भरत असताना आनंदांनी पाणी मागितले. आपली जात सांगून ती थबकली. आनंदांनी आपल्याला जात नको, पाणी हवे आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले. पुढे ती भिक्खुनी झाली. तेव्हा श्रावस्तीचे ब्राह्मण आणि गृहस्थ अस्वस्थ झाले. राजा प्रसेनजितापर्यंत गोष्ट गेली. चांडाळाची मुलगी भिक्षेसाठी उच्चकुलीनांच्या घरी कशी येणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना उत्तर म्हणून तथागतांनी त्रिशंकू नावाच्या मातंग राजाची आणि त्याच्या शार्दूलकर्ण या मुलाची कथा सांगितली. तीत जातिभेदाचे सविस्तर खंडन आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सुनीत आणि प्रकृती या दोघांनाही आवर्जून स्थान दिले आहे.

मातंग आणि पुक्कस ही अमरकोशाच्या त्या यादीतीलच नावे. त्या यादीतील मुलगी संघात येते आणि भिक्खुनी होते, म्हणजे एका अर्थाची अंतेवासिनी दुसऱ्या अर्थाची अंतेवासिनी होते. गावाचा काठ सुटतो आणि आचार्यांचा काठ मिळतो.

ज्या रायगड जिल्ह्यात कुड्याच्या प्रव्रजितांनी पाण्याच्या पोढ्या खोदवून दान दिल्या, त्याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. मधल्या शतकांत या शब्दाचा पहिला अर्थ विसरला गेला आणि दुसरा तेवढा जिवंत राहिला, हे यावरून कळते.

जवळ राहणे म्हणजे काय

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. जवळ राहणे म्हणजे नुसते एका छताखाली राहणे नव्हे. विनयपिटकाच्या महावग्गात आचार्य आणि अंतेवासिक यांची परस्परांविषयीची कर्तव्ये तपशिलाने सांगितली आहेत. आचार्यांनी अंतेवासिकाला पुत्रासमान मानावे, अंतेवासिकाने आचार्यांना पित्यासमान मानावे, ही त्यांची सुरुवात. नव्या भिक्खूने समर्थ असला तरी किमान पाच वर्षे कोणाच्या तरी आश्रयाने राहावे. आणि ज्याला असा आश्रय द्यायचा त्याची स्वतःची उपसंपदा होऊन किमान दहा वर्षे झालेली असावीत. म्हणजे शिकविण्याचा अधिकार अनुभवाने मिळवावा लागे.

शिष्याने आचार्यांचे आसन मांडावे, पाणी द्यावे, खोली झाडावी, हे नियम कोणालाही अपेक्षित वाटतील. पण त्याच्या पुढचा भाग पुष्कळांना ठाऊक नसतो. शिष्य आजारी पडला तर हीच सारी कामे आचार्यांनी शिष्यासाठी करायची आहेत. पहाटे उठून त्याला दात घासण्याची काडी द्यायची, तोंड धुण्यासाठी पाणी द्यायचे, आसन मांडायचे, पेज असेल तर भांडे धुऊन पेज द्यायची. तो बरा होईपर्यंत त्याच्यापाशी थांबायचे. आचार्यांजवळ चीवर आहे आणि शिष्याजवळ नाही, तर ते शिष्याला द्यायचे. उलट आचार्यांच्या मनात चुकीचे मत रुजू लागले, तर धम्माला धरून बोलून ते दूर करणे हे शिष्याचेच कर्तव्य आहे. गुरू चुकला तरी गप्प बसावे, असे विनय सांगत नाही.

भिक्खुनीसंघात तर शिष्येसाठी आणखी एक शब्द होता : ‘सहजीविनी’, सोबत जगणारी. आपली सहजीविनी आजारी असताना जी भिक्खुनी तिची शुश्रूषा करीत नाही, दुसरीकडूनही करवून घेण्याचा प्रयत्न करीत नाही, तिला दोष लागतो, असा स्वतंत्र नियम आहे. उपसंपदा देऊन मोकळे होता येत नसे. पुढे दोन वर्षे तिला मार्गदर्शन करणे बंधनकारक होते.

हे नियम कोरडे नाहीत; त्यांच्यामागे प्रत्यक्ष प्रसंग आहेत. एकदा तथागत आनंदांसह विहारातून फिरत असताना एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेला त्यांना दिसला. त्याच्याजवळ कोणी नव्हते. विचारल्यावर कळले की, तो इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तथागतांनी आनंदांना पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजविले. मग संघाला एकत्र करून त्यांनी बजावले की येथे तुमचे आई-वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? आणि जबाबदारीचा क्रमही लावून दिला : उपाध्याय असतील तर त्यांनी, आचार्य असतील तर त्यांनी, नाहीतर शिष्याने, सोबत्याने, आणि कोणीच नसेल तर सगळ्या संघाने. आजाऱ्याला कोणीच नाही, अशी जागा या क्रमात उरतच नाही.

निवासी शाळा चालविणाऱ्या आम्हां सर्वांना हा प्रसंग रोज आठवावा असा आहे. रात्री दोन वाजता ताप चढलेले मूल आपली आई शोधते, आणि आई वीस-तीस कोस लांब असते. त्या क्षणी अधीक्षक, शिक्षक, स्वयंपाकघरातील मावशी, शेजारच्या खाटेवरचा मित्र, यांपैकी कोणीतरी उठते की नाही, यावर ती शाळा आहे की नुसती निवासाची सोय आहे, हे ठरते. वसतिगृहात उपेक्षेने मूल गेल्याची बातमी आपण वर्तमानपत्रात अधूनमधून वाचतो. तेव्हा इमारतीची, निधीची, नियमांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण सान्निध्याची जबाबदारी कोणाची होती, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

फी भरणारे आणि न भरणारे

जातककथांत तक्षशिलेच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रकार येतात. एक ‘आचरियभागदायक’, म्हणजे गुरुदक्षिणा आधी देणारे. दुसरे ‘धम्मंतेवासिक’, म्हणजे दक्षिणा देण्याची ऐपत नसलेले. ते दिवसा आचार्यांचे काम करीत आणि रात्री शिकत. तिलमुट्ठि जातकात वाराणसीचा राजपुत्र तक्षशिलेला पोहोचतो तेव्हा आचार्य त्याला पहिला प्रश्न हाच विचारतात. दक्षिणा देणाऱ्यांना घरच्या थोरल्या मुलासारखी वागणूक मिळे, असेही ती कथा सांगते. हे वास्तव लपवलेले नाही, म्हणून ते आपल्याला उपयोगी आहे. गरीब विद्यार्थ्यालाही दार उघडे होते, ही त्या व्यवस्थेची चांगली बाजू. दोघांची वागणूक सारखी नव्हती, ही तिची उणीव.

ती उणीव भरून काढण्याचे काम आधुनिक महाराष्ट्रातील वसतिगृहांनी केले. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगांची परंपरा सुरू झाली, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ साली सोलापूरला सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह. सभा, वृत्तपत्र, सत्याग्रह या साऱ्यांच्या जोडीला त्यांना मुलांच्या राहण्याची सोय का महत्त्वाची वाटली असेल? गावाच्या काठावरील घरात दिवा नसतो, बसायला कोपरा नसतो, आणि सकाळी उठून कामाला जावे लागते. मुलाची राहण्याची जागा बदलल्याशिवाय त्याचे शिकणे टिकत नाही. अंत्यज हा जागेचा प्रश्न आहे, हे त्यांनी ग्रंथात पुढे लिहिले. कृतीत ते आधीच उतरले होते.

आपल्या पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उलट्या दिशेने तेच काम केले. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात गेली पाहिजे, म्हणून कुरणशाळा निघाली. मुलाने आचार्यांच्या काठाला यावे, किंवा आचार्यांनी मुलाच्या काठाला जावे. वाट कोणतीही असो, मधले अंतर मिटले पाहिजे.

अंतेवासी आणि आपण

‘माजी विद्यार्थी’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, आणि व्यवहारात तो सोयीचाही आहे. परंतु कान्हेरीच्या सापेला लेणे दान देताना आपण बोधिक थेरांच्या अंतेवासिनी ‘होतो’ असे लिहावेसे वाटले नाही. ती दान देण्याइतकी जाणती, स्वतंत्र झाली होती. तरी त्या नात्याला तिने भूतकाळ लावला नाही. या स्मरणिकेत ज्यांचे लेख आणि छायाचित्रे आहेत, त्या सर्वांनी हे नाते असेच वर्तमानकाळात ठेवावे, अशी आमची विनंती आहे. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला यावे, एवढ्यापुरते ते नाही. आपल्या पाड्यावरचे, आपल्या वस्तीतले जे मूल अजून काठावर आहे, त्याचा हात धरून त्याला शाळेच्या दारापर्यंत आणावे. आणि शाळेत आमचे काही चुकत असेल तर स्पष्ट बोलावे. आचार्यांची चूक दाखविणे हे अंतेवासिकाचे कर्तव्यच आहे.

पालकांना आमचे सांगणे एवढेच की मूल आमच्या स्वाधीन करताना ‘कॉन्व्हेंटसारखी आहे ना’ हा प्रश्न जरूर विचारा. इंग्रजीची अपेक्षा रास्त आहे आणि ती पुरी करणे आमचे काम आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा : माझे मूल आजारी पडले तर त्याच्या उशाशी कोण बसेल? या प्रश्नाचे उत्तर ज्या शाळेला नाव घेऊन देता येते, तेथेच मुलीला निर्धास्तपणे ठेवावे.

पदुमनिका कोण होती, कशी दिसत असे, काय शिकवीत असे, यांतले काहीही लेख सांगत नाही. पण तिच्या नावाजवळ बोधी आणि असाळ्हमिता ही दोन नावे आहेत. कुड्याच्या त्या दगडावर गुरू आणि शिष्या अजून एकमेकींच्या निकट आहेत. आमच्या हजेरीपटावरील प्रत्येक मुलीचे नाव आमच्या नावाजवळ असेच राहावे, याहून मोठी अपेक्षा कोणत्याही शिक्षकाने धरू नये.